मी इथे हसले नव्हते

विनोदी मालिका लिहिणाऱ्या माणसाच्या विनोदाला घरात कोणी हसत नाही. माझी बायको तर ऐकून झाल्यावर विचारते, "झालं?" त्यामुळे माझी सगळी भिस्त परक्यांवर. त्यातही एका बाईंवर. स्टुडिओच्या मागच्या गल्लीत त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं आणि आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो.

आमची मालिका अगदी साधी होती. एक घर, घरात आबा, त्यांची बायको, मुलगा, सून आणि वरच्या मजल्यावर एक भाडेकरू. आबांना एकच वेड, घरातले दिवे बंद करत फिरायचं. कोणी आंघोळ करतंय, कोणी दाढी करतंय, कोणी सुईत दोरा ओवतंय, आबा आले की अंधार. या एका वेडावर आम्ही कित्येक वर्षं पोट भरलं. चित्रीकरण खऱ्या प्रेक्षकांसमोर व्हायचं. हॉलच्या एका टोकाला आबांचं तीन भिंतींचं घर, समोर चढत गेलेली बाकं, आणि पहिल्या रांगेच्या डोक्यावर टांगलेले माइक. लोक हसतील ते माइकमधून जसंच्या तसं टीव्हीवर जायचं. निदान माझी तशी समजूत होती.

कलाकारांचे कपडे ताईंकडे इस्त्रीला जायचे. एकदा त्या आबांचा सदरा घेऊन आत आल्या आणि मागे दार बंद झालं. चित्रीकरण सुरू झालं होतं, बाहेर जाता येईना. कोणीतरी खुणेनेच त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. सदरा मांडीवर, चुरगळू नये म्हणून दोन्ही हात वर धरलेले, अशा त्या अवघडून बसल्या. मग आबांनी भाडेकरूला भर जिन्यात अंधारात सोडलं आणि ताई हसल्या. आधी श्वास अडकल्यासारखा आवाज, मग पोटातून उसळलेलं खो खो, आणि शेवटी एक स्वच्छ उचकी. त्या उचकीला अख्खा हॉल हसला. आबांचं काम करणाऱ्या नटाला इतका चेव आला की त्याने नसलेला दिवासुद्धा विझवून दाखवला.

त्या दिवसापासून पहिल्या रांगेतली कडेची जागा त्यांची झाली. ताई म्हणजे काही देवमाणूस नव्हत्या, हेही सांगतो. कॅमेरावाला वायरीत अडखळला की त्या हसायच्या, आणि सीन रडण्याचा असायचा. मी रात्रंदिवस घासूनपुसून लिहिलेल्या वाक्याला मात्र मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडत बसायच्या. अशा वेळी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण त्या हसल्या की मला आठवडाभर झोप चांगली लागायची, हेही खरं.

त्यांच्या घरची गोष्ट मला पुढे कळली, पण इथेच सांगून टाकतो. दुकान दोघा नवराबायकोचं. शर्ट ताईंचे, पँटी नवऱ्याच्या. ताई आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या अशा क्रमाने शर्टावर इस्त्री फिरवायच्या. समोरच्या टेबलावर ते पँटीची घडी अशी मारायचे की गिऱ्हाईक बसायला घाबरे. मग नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, शब्द जड झाले, हसणं तर बंदच झालं. हसायला गेलं की तोंड एका बाजूला ओढलं जातं, याची त्यांना लाज वाटायची. दुकानामागच्या खोलीत, इस्त्री केलेल्या कपड्यांच्या फळ्यांशेजारी, ते खुर्चीत बसून असायचे. ताईंची सून गिऱ्हाईक बघायची.

आमची मालिका लागली की ताई इस्त्री बंद करून त्यांच्याजवळ येऊन बसायच्या. टीव्हीतल्या त्या एवढ्या लोकांच्या हसण्यातून बायकोचं हसू आलं की ते डाव्या हाताचं बोट वर करायचे आणि म्हणायचे, "ही तू." एकदाही चुकायचे नाहीत. हात गेला, पाय गेला, जीभ गेली, पण कान शाबूत आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

मग आमच्या मालिकेच्या प्रेक्षकांचे आकडे घसरू लागले. चॅनेलवाल्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, दर महिन्याला एक भाग वेगळा करा, एखाद्या प्रकारच्या सिनेमाची टिंगल करणारा. कधी गुप्तहेर, कधी भुताखेताचा, कधी अवकाशातला. आमच्या दिग्दर्शकाच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"लोक आपल्याकडे येतात ते ओळखीची माणसं भेटायला," तो म्हणाला. "त्यांनी दार उघडलं आणि आत भलतंच कुटुंब बसलेलं दिसलं तर?"

"तेच घर, तोच सोफा, तोच दिवा," मॅडम म्हणाल्या. "लोक कंटाळलेत. जरा कपडे तरी बदला."

मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. पण तेव्हा मी मॅडमच्या बाजूने कडाकडा भांडलो. मला टोपी घालून सिगारेटी ओढणाऱ्या गुप्तहेरांचे सिनेमे तोंडपाठ होते, आणि आबांच्या घरात ती हुशारी दाखवायला कधी जागाच मिळाली नव्हती.

गुप्तहेराचा भाग मी जीव ओतून लिहिला. आबा लांब कोटात, डोक्यावर टोपी, आवाज घोगरा, टेबलावर वाकडा दिवा, खिडकीबाहेर लुकलुकणारी पाटी. प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या जुन्या सिनेमाला चिमटा काढणारं. चित्रीकरणाच्या दिवशी मागच्या बाकांवरची चारदोन कॉलेजची पोरं हसली. बाकी हॉल लग्नात चुकून दुसऱ्याच्या पंगतीत बसल्यासारखा गप्प. ताईंनी पिशवीची गाठ सोडली, बांधली, परत सोडली.

टीव्हीवर मात्र तो भाग दणदणीत वाजला. हशा थांबता थांबेना. मी म्हटलं, माइकला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येत असणार. आकडेही वर गेले आणि मॅडमच्या आवाजात साखर आली.

त्यानंतर ताई माझ्या खोलीत आल्या. गुप्तहेराचा कोट इस्त्री करून हातावर आडवा घेतलेला. तो त्यांनी दाराच्या खिट्टीला अडकवला, बाही सरळ केली आणि म्हणाल्या, "लेखकराव, मी इथे हसले नव्हते."

"कुठे?"

"त्या टोपीवाल्या भागात. एकदासुद्धा नाही. आणि टीव्हीत मी हसतेय. उचकीसकट."

मला आधी वाटलं, त्यांना भास झाला असेल. पण बाईंचा चेहरा थट्टेचा नव्हता. मी त्यांना घेऊन साउंडवाल्याकडे गेलो. त्याला आम्ही 'कान' म्हणायचो. दोन्ही कानांवर हेडफोन चढवून तो अंधाऱ्या खोलीत बसायचा आणि माणसं आली की दचकायचा. ताईंना बघून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"हॉल मेला होता हो ताई," तो म्हणाला. "वरून सांगणं आलं, हसू भरा. माझ्याकडे जुन्या भागांतली हसू साठवलेली असतात. त्यात तुमच्याइतकं खरं एकही नाही. म्हणून जिन्यातल्या अंधाराचं तुमचं हसू उचललं आणि टोपीवाल्याला लावलं. मला वाटलं, कोणाला कळणार?"

मीही हे पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्या दणदणीत भागाची हवा जागच्या जागी गेली. ताई मात्र रागावल्या नव्हत्या.

"आमच्या ह्यांना कळलं," त्या म्हणाल्या. "बोट वर केलं, ही तू म्हणाले. मी म्हटलं, छे, मी तर गप्प बसले होते. ते म्हणाले, तूच. मी म्हटलं, नाही हो. मग माझ्याकडे असे बघत राहिले. म्हणाले, म्हणजे आता कानपण गेला. टीव्ही बंद करायला लावला. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसलेत. माझं खोटं असतं तर कबूल केलं असतं. पण मी खरंच हसले नव्हते. आता तुम्हीच चला आणि त्यांना काय ते सांगा."

कान स्टुडिओबाहेर फारसा जात नसे. पण तो उठला, एक छोटं यंत्र आणि हेडफोन पिशवीत टाकले, आणि आम्ही तिघं मागच्या गल्लीत गेलो.

दुकानात ओल्या कपड्याचा आणि खळीचा वास होता. सून एका चादरीशी झटत होती. मागच्या खोलीत ते फळ्यांकडे तोंड करून बसले होते. कानाने त्यांच्यासमोर उकिडवं बसून हेडफोन त्यांच्या डोक्यावर नीट बसवले. त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं, तरी बसवले.

"काका, हे ऐका. जिन्यातला भाग." बोट थोडं हललं, मग वर आलं. "आता हे ऐका. टोपीवाला भाग." बोट पुन्हा वर. लगेच खाली. त्यांनी घाबरून ताईंकडे पाहिलं.

"काका, दोन्ही एकच आहेत," कान म्हणाला. "ताई तिथे हसल्या नव्हत्या. मी जिन्यातलं हसू चोरून तिथे चिकटवलं. चूक माझी. इतक्या घरांत तो भाग लागला, पण चोरी फक्त तुमच्या घरात पकडली गेली. तुमच्या कानाला काहीही झालेलं नाही."

काका मान वळवून बायकोला म्हणाले, "सांगत... होतो."

"हो हो, सांगत होतात!" ताई म्हणाल्या. त्या रडायला लागल्या, रडता रडता हसायला लागल्या, आणि शेवटी ती उचकी आली. काकांनी डोक्यावरचे हेडफोन डाव्या हाताने ओढून काढले आणि बोट वर केलं.

मला तिथून शहाण्यासारखं निघून यायला हवं होतं. पण लेखक तो लेखकच. मी विचारलं, "ताई, पण तुम्ही हसला का नाहीत?"

"तो माणूस कोण, तेच कळेना हो. टेबलावर दिवा, खिडकीत दिवा, भिंतीवर दिवा. आम्ही आपले वाट बघतोय, आबा आता उठतील बंद करायला, मग उठतील. उठलेच नाहीत."

"आमचे... आबा... नव्हते," काका म्हणाले.

मी त्यांना समजावून सांगितलं की तसल्या सिनेमात वाकडा दिवा असतोच, त्याची तर ती सगळी गंमत आहे. ताईंनी ऐकून घेतलं आणि "असेल," म्हणाल्या. त्या 'असेल'ने माझं डोकं असं फिरलं की कानाला गल्लीतच सोडून मी तडक निघालो. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "झालं?" आणि मी बसून अवकाशाचा भाग फाडून पुन्हा लिहायला घेतला.

अवकाशाच्या चित्रीकरणाला काकांना आणायचं हे कानानेच ठरवलं. आम्ही त्यांची खुर्ची उचलून हॉलमध्ये आणली आणि पहिल्या रांगेशेजारी ठेवली. त्यांच्या पँटीची घडी बघण्यासारखी होती. ती ताईंनी मारली होती आणि काकांना फारशी पसंत नव्हती.

यानात सगळीकडे बटणं, पडदे, दिवेच दिवे. आबा कप्तान, चकचकीत कपड्यांत. गडगडाट होतो, संकटाचा लाल दिवा उघडझाप करू लागतो, मुलगा ओरडतो, "कप्तान, उल्का!" आबा उल्केकडे बघतच नाहीत. ते लाल दिव्याकडे बघतात. चपला ओढत जातात आणि तो बंद करतात.

"दिवसाढवळ्या दिवा कशाला?"

"कप्तान, अवकाशात दिवस नसतो!"

"मग झोपा!" म्हणत आबा यानातला एकेक दिवा बंद करत जातात. शेवटी खिडकीशी थांबतात, बाहेर बघतात आणि म्हणतात, "आणि हे एवढे तारे कोणी चालू ठेवलेत?"

हॉल फुटला. त्या हशात एक आवाज असा होता जो मी कधी ऐकला नव्हता. खरखरीत, दम लागल्यासारखा, मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होणारा. मी वळून पाहिलं. काका हसत होते. तोंड एका बाजूला पार ओढलं गेलं होतं आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती. ताई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी तोंडावर हात धरला होता आणि त्या आबांकडे नव्हे, नवऱ्याकडे बघत होत्या. मी लिहिलेल्या ओळीवर कोणी असं हसावं, याहून जास्त मी कधी काही मागितलं नव्हतं, आणि ते मला मिळालं होतं.

मालिका पुढे काही काळ चालली आणि सगळ्या मालिका संपतात तशी संपली. खरं सांगायचं तर अवकाशाच्या भागाचे आकडे टोपीवाल्यापेक्षा कमीच आले. भुताचा भाग तर सपशेल आपटला, त्यात आबा होते तरीही. असल्या टिंगलीच्या भागांनी मालिका तरते की बुडते, यावर दिग्दर्शक आणि मॅडम अजून वाद घालतात आणि मला साक्षीला बोलावतात. मी जात नाही. ताई आणि काकांचे माझ्यावर इतके उपकार आहेत की मला तो वाद नीट घालताच येत नाही.

अवकाशाचा भाग टीव्हीवर लागला तो आम्ही दुकानामागच्या खोलीत पाहिला. कान दारात टेकून उभा होता. या भागात एकही हसू चोरीचं नाही, असं त्याने आल्याआल्या सांगितलं होतं. काकांचं डावं बोट तयारीत होतं. पण आबांनी तारे कोणी चालू ठेवलेत म्हणून विचारलं, हशा उसळला, तरी ते बोट वर गेलं नाही. काका कान देऊन बसले होते, गोंधळून बायकोकडे बघत होते, कारण त्या हशात ती कुठेच नव्हती.

ताईंनी आपलं बोट वर केलं.

"हे तुम्ही," त्या म्हणाल्या.