बेचाळीस नंबर
नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार आला की मला सौदीतल्या अबकैकच्या तेल-कॅम्पमधली ती खोली आठवते. माझा घानाचा रूममेट, प्लांटवरचा वेल्डर, आठवड्यापूर्वीच हार्ट अटॅकने गेला होता आणि मी त्याची बॅग भरत होतो. त्याच्या कपड्यांना अजून प्लांटचा गंधकासारखा वास येत होता. चर्चच्या पडवीत सुरू झालेल्या त्याच्या शाळेतून मंत्री निघाले, एक न्यायाधीश निघाला, हे तो सगळ्यांना ऐकवायचा. ‘आणि तू?’ मी एकदा खवचटपणे विचारलं होतं. ‘न्यायाधीश एक्केचाळीस नंबर, मी बेचाळीस. एकाच बाकावर बसायचो,’ तो शांतपणे म्हणाला होता. दर स्थापनादिनाला, नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी, जगभर पांगलेली ती बॅच फोनवर हजेरी घ्यायची, आणि तो शाळेचा टाय घालून बसायचा. त्या दुपारी त्याचा फोन वाजला, मी उचलला. न्यायाधीशच हजेरी घेत होते. तो गेल्याचं त्यांना कळलं होतं; पण गेलेल्यांचेही नंबर पुकारतात आणि तेव्हा सगळे गप्प राहतात, हे मला ठाऊक नव्हतं. ‘फॉर्टी टू’ ऐकलं आणि कॉलेजात मित्राची लावायचो तशी मी त्याची हजेरी लावली, ‘प्रेझेंट, सर.’  मग न्यायाधीशांनी घसा साफ करून पुढचा नंबर घेतला, आणि शेवटी माझा फोन नंबर मागून घेतला. आता दरवर्षी त्या शुक्रवारी माझा फोन वाजतो. बेचाळीसपाशी सगळे थांबतात, माझ्या ‘प्रेझेंट, सर’साठी.