सोन्याच्या घड्याळाला पाटीचा रंग

हां, तर थांबाशेठनी त्या सोन्याच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि कडू काढा प्यायल्यासारखं तोंड केलं, इथपर्यंत आपण आलो होतो.

समोर दोघं बसली होती, भाऊ आणि बहीण. भाऊ धाकटा, सिमेंटच्या दुकानाचा मालक, बोलायला लागला की खुर्चीसुद्धा कंटाळावी असा. ताई इस्पितळात नर्स. वडील गेले आणि मागे दोन मनगटी घड्याळं राहिली. आजोबांचं सोन्याचं भावाच्या कपाटात गेलं. वडिलांचं स्टीलचं, ओरखडे पडलेलं, तबकडी जुन्या कागदासारखी पिवळी झालेलं, ते ताईच्या मनगटावर आलं. भावाच्या मनात आलं, दोन्हीचा विमा काढू. कंपनी म्हणाली, काढा, पण जाणकाराकडून किंमत लिहून आणा. आता गावात जाणकार एकच.

थांबाशेठ हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. दुकानात कोणीही शिरलं, अगदी जावई आला तरी, डोळ्याचं भिंग न काढता ते म्हणायचे, "थांबा जरा." जन्मभर लोकांची बंद घड्याळं चालू करणाऱ्या माणसाला गावानं हे नाव दिलं. दुरुस्तीचं काम त्यांना आवडायचं. वैताग होता तो या विम्याच्या किमतींचा. एक गृहस्थ म्हणाले होते, "हे घालून आजोबांनी कोर्टात खटला जिंकला, ते धरून किंमत लावा." थांबाशेठ म्हणाले, "खटला वकिलानं जिंकला. घड्याळ नुसतं बसून होतं." एका बाईंनी तर साबणाच्या पाण्यात धुऊनच आणलं. का, तर परक्या माणसाच्या हातात मळकं कसं द्यायचं.

"ही तबकडी कोणी केली?" थांबाशेठनी विचारलं.

भाऊ खुलला. "आलं ना लक्षात? आधीची अगदी डागाळली होती. म्हटलं, किंमत करायला न्यायचं तर जरा माणसात आणून न्यावं. आमच्या दुकानाच्या पाट्या रंगवणारा आहे ना, त्याचा हात इतका बारीक…"

"पाट्या रंगवणारा."

"हो. आणि पॉलिशही करून घेतलं, आतून-बाहेरून. कडा बघा कशा गुळगुळीत."

थांबाशेठनी भिंग काढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं, पुन्हा लावलं. पण पुसून काय होणार? तबकडीवरचा सहा पोट सुटलेल्या हवालदारासारखा उभा होता, आणि कंपनीचं नाव रस्त्यापलीकडून वाचता यावं इतकं ठसठशीत.

"मी सांगितलं होतं याला, हात लावू नकोस म्हणून," ताई म्हणाली.

"तू गप्प बस. तुझं ते डबडं मी आणलं हेच उपकार समज."

ते डबडं थांबाशेठनी पुढे ओढलं आणि उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या बारीक खुणा होत्या. घड्याळ दुरुस्त करणारा प्रत्येक कारागीर आत आपली खूण ठेवतो, म्हणजे पुढच्याला कळतं की हे कोणाच्या हातून गेलंय. वरची खूण त्यांच्या उस्तादांची, खालच्या सगळ्या त्यांच्या स्वतःच्या. यंत्र मूळचं, काटे मूळचे, तबकडीला कोणी बोट लावलेलं नाही. सोन्याच्या घड्याळातल्या खुणा मात्र पॉलिशवाल्यानं घासून साफ केल्या होत्या.

त्यांनी दोन किमती लिहिल्या आणि कागद पुढे सरकवला. भावानं तो वाचला, उलटा करून पाहिला, परत वाचला.

"शेठ, आकड्यांची अदलाबदल झालीय."

"झालेली नाही."

"सोन्यापेक्षा स्टील महाग?"

"सोन्याला सोन्याचा भाव लावलाय. घड्याळाचा भाव तुमच्या पाटीवाल्यानं पुसला."

मग भावाला कंपनीची अट आठवली. इतक्या किमतीची वस्तू असली तर ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची. हातात घालून फिरलात आणि हरवली, तर कंपनी दारातसुद्धा उभं करणार नाही. "म्हणजे ताई, हे आता लॉकरमध्ये," तो म्हणाला.

ताईचं उघडं मनगट टेबलावर होतं. घड्याळाच्या जागी कातडीचा फिकट पट्टा दिसत होता. "शेठ, कमी लिहा ना," ती म्हणाली. "मी रोज सकाळी किल्ली देते त्याला. बाबा शेवटी माझ्याच वॉर्डात होते. बोटं चालत नव्हती, तर नुसतं मनगट पुढे करायचे. मी किल्ली दिली की मग चहा घ्यायचे. लॉकरमध्ये कोण देणार किल्ली?"

थांबाशेठना गलबलून आलं, आणि त्याचाही त्यांना रागच आला. या रडवणाऱ्यांपेक्षा भांडणारे परवडले.

तेवढ्यात भावाला वाट सापडली. "असं करा, स्टीलचं थोडं उतरवा आणि सोन्याचं थोडं चढवा. दोघांचंही काम होईल. काय ताई?"

ताईनं मान डोलावली. दुकानात शिरल्यापासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि तेही थांबाशेठनी खोटं लिहावं यावर.

"हा काय भाजीबाजार आहे?" थांबाशेठ म्हणाले. "एकीकडून काढा, दुसरीकडे घाला."

"मग आम्ही करायचं काय ते तरी सांगा," भाऊ चिडला. "वाटणी अजून झालेली नाही, घड्याळ दोघांच्या मालकीचं आहे. ही घालून फिरणार, आणि उद्या हरवलं तर?"

थांबाशेठनी स्टीलच्या घड्याळाचं झाकण दाबून बसवलं, ते ताईच्या हातात दिलं आणि म्हणाले:

"सोन्याच्याचा विमा काढा आणि खुशाल लॉकरमध्ये टाका, तसंही त्याला तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही. स्टीलच्याचा आकडा मी बदलणार नाही, खाली सही माझी आहे. पण त्याचा विमा काढलाच पाहिजे असं कंपनी म्हणत नाही, तुम्ही म्हणताय. हरवलं तर हरवेल, माणसं जातात तिथे घड्याळाचं काय घेऊन बसलात. ताईंनी ते कसं सांभाळलंय हे मी आत्ता उघडून पाहिलंय, आणि तुम्ही दुसरं कसं सांभाळलंत तेही पाहिलंय. घाला ताई ते हातात, आणि आता दोघंही उठा, मागची माणसं ताटकळलीत."