पहिल्या ओळीचा रिपोर्ट

इस्पितळाच्या जुन्या युनिक्स मशीनचा सांभाळ करणाऱ्या माणसाला सगळे काका म्हणत. अखेरीअखेरीस त्यांच्या सासूबाईही म्हणू लागल्या होत्या. काकांच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते आणि नोंदणीच्या खिडकीवर एका पेशंटचे कागद निघायला पाऊण तास लागत होता.

"डिस्क ठणठणीत आहे," साहेब म्हणाले. "काकांच्या रोजच्या रिपोर्टात ती चार टक्के वेळच कामात दिसते. म्हणजे दोष प्रोग्रामर बाईंच्या नव्या प्रोग्रॅमचा. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्यांना नारळ देऊ."

बाई तडक काकांच्या टेबलाशी आल्या. "काका, अकरा वर्षं रोज चारच टक्के? माझं वजनसुद्धा इतकं जागेवर राहत नाही हो!"

काकांना झोंबलं, रोज आपोआप रिपोर्ट काढणारी स्क्रिप्ट त्यांच्या हातची होती. तिरीमिरीत त्यांनी स्क्रिप्टमधलीच कमांड स्वतः चालवली, फक्त दर पाच सेकंदांनी आकडे दाखवायला सांगितले. पहिली ओळ: चार टक्के. दुसरी: अठ्ठ्याण्णव. तिसरी: नव्याण्णव.

मग त्यांनी कपाटातलं मॅन्युअल काढून झटकलं. कधीकाळी पाठ असलेलं वाक्य तिथेच होतं: पहिली ओळ म्हणजे मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी. मशीन अकरा वर्षं एकदाही बंद पडलं नव्हतं, हा काकांचा अभिमान. त्या अकरा वर्षांच्या सरासरीत या महिन्याचं दुखणं बुडून गेलं होतं, आणि स्क्रिप्ट रोज सकाळी इमानेइतबारे तेवढी पहिलीच ओळ उचलत होती.

त्यांनी घरी फोन लावला. "अगं, अकरा वर्षं मी चुकीचा रिपोर्ट पाठवतोय. चार दिवस गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही."

"आणि त्या बाईची नोकरी? शिवाय पुढे जन्मभर तोंड पाडून बसाल, ते मी बघायचं! सांगून मोकळे व्हा."

मीटिंगमध्ये काकांनी उभं राहून सगळं सांगितलं. साहेबांनी नवी डिस्क मागवली, बाईंचं नाव कागदावरून खोडलं. काका बोलणी खायला उभेच.

"बसा हो काका," साहेब म्हणाले. "तो रिपोर्ट मी काल पहिल्यांदाच उघडला. बाईंविरुद्ध काहीतरी कागद हवा होता."

काका बसले.

"रिपोर्ट बंद मात्र करू नका. फायलीला लागतो."

टेबलाशी परतून काकांनी स्क्रिप्टला दुसरी ओळ उचलायला लावलं, चष्मा पुसला आणि बाईंना म्हणाले, "उद्यापासून तुम्ही तरी वाचत जा."