टीममधली शेवटची जागा

बॉल हातात असलेल्या खेळाडूकडे सगळेच बघतात. मी बघत नाही. मी बाकीच्या चौघींकडे बघते. बॉल नसताना जी पोरगी धावते, दुसरीसाठी जागा करते, ती खरी खेळाडू. बाकीच्या नुसत्या हजेरी लावायला आलेल्या. हे माझं मत मी ऑफिसातही ऐकवायचे, आणि तिथं बास्केटबॉलचं कुणाला काही पडलेलं नसायचं.

राज्य नवीन झालं तेव्हा मी शंकर नगरच्या एका सरकारी ऑफिसात होते. रायपूर नवी राजधानी, नवी खाती, टेबलं कमी आणि साहेब जास्त. ऑफिस सुटलं की मी स्कूटी थेट जवळच्या एका कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टाकडे वळवायचे आणि मगच तेलीबांध्याला घरी जायचे. शाळेत मी स्वतः थोडंफार खेळले होते. लग्न झालं, खेळ सुटला. बघणं मात्र सुटलं नाही. भिलाईच्या पोरी उंच, पण मागे पडल्या की एकमेकींवरच चिडायच्या. बिलासपूरच्या पोरी हसत हसत कोपर मारायच्या. आमच्या रायपूरच्या पोरी पहिल्या हाफमध्ये पेंगायच्या आणि दुसऱ्यात त्यांच्या अंगात वारं भरायचं. मी कट्ट्यावर बसून सगळ्यांची उणीदुणी काढायचे. शेजारी बसणारे मला दीदी म्हणत आणि माझं ऐकतही. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

मग माझी मुलगी त्याच कॉलेजात गेली आणि टीममध्ये आली. पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं, "मम्मी, ग्राउंड पे मुझे पहचानना मत. सब बोलेंगे, मम्मी के भरोसे खेल रही है." तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच येते.

"हव," मी म्हटलं, आणि पाळलं. ती कोर्टवर, मी कट्ट्यावर. प्रॅक्टिस संपल्यावर ती गेटबाहेर येऊन स्कूटीवर मागे बसायची, तेव्हा कुठे आम्ही मायलेकी व्हायचो. मैत्रिणींनाही तिनं तंबी देऊन ठेवली होती. तिच्या शेवटच्या वर्षी टीमला शिकवायला नवे सर आले, त्यांना तर आमचं नातं मुळीच माहीत नव्हतं.

त्या वर्षी युनिव्हर्सिटीची टीम दुसऱ्या राज्यात खेळायला जाणार होती, आणि निवड आमच्याच सरांच्या हाती होती. माझ्या मुलीनं दिवाळीपासून ध्यास घेतला होता. भल्या पहाटे उठून घराजवळच्या तलावाभोवती पळायची. थंडीत तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा, आणि मी ओरडले की हसायची. घरात दुसरा विषय नव्हता.

निवडीच्या संध्याकाळी सगळ्या जागा भरल्या, एक उरली. त्या जागेसाठी दोघी: एक माझी, पिवळ्या टी-शर्टात; दुसरी शहराबाहेरच्या उरला वस्तीतून येणारी एक काटक पोरगी, निळ्या टी-शर्टात. सरांनी दोघींना समोरासमोरच्या टीममध्ये घालून खेळवलं. मी नेहमीसारखी बघत होते. खेळ थांबल्यावर सर पाणी प्यायला कट्ट्यापाशी आले आणि मला म्हणाले, "दीदी, आप तो रोज़ देखती हैं. पीली या नीली?"

"नीली," मी म्हणाले. "नीली बिना बॉल के भी खेलती है. पीली खड़ी होकर बॉल की राह देखती है."

सरांनी मान डोलावली आणि गेले. त्यांच्याही मनात तेच असावं, अशी समजूत मी नंतर पुष्कळदा घातली स्वतःची. मनाला ती पटत नाही. बरं, मी बोलले त्यात खोटं काही नव्हतं. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ते बोलताना मला छान वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला मनापासून मत विचारलं होतं. सर पाठमोरे झाले, पिवळी पोरगी बुटाची लेस बांधायला वाकली, आणि मग मला ती माझी पोरगी दिसली.

सरांनी पोरींना आत नेऊन नावं सांगितली, जागा निळीला मिळाली, आणि माझी पोरगी नेहमीसारखी स्कूटीवर मागे येऊन बसली. त्या रात्री मी पाटवडीचा रस्सा केला, सणवार काही नसताना. दुसऱ्या दिवशी भरीत, तिसऱ्या दिवशी पुरण. खरं सांगायची हिंमत नव्हती म्हणून रांधत राहिले. तीही निमूट जेवत राहिली.

टीम गावाला गेली त्यानंतरची गोष्ट. मी कोर्टवर गेले तर ती येऊन माझ्या शेजारी कट्ट्यावर बसली, सगळ्यांदेखत. असं ती कधी बसली नव्हती. समोर, टीमबरोबर न गेलेल्या पोरी हाफ कोर्टवर खेळत होत्या. मी मनाचा हिय्या केला.

"तुले एक सांगायचं होतं. त्या दिवशी सरांनी मले विचारलं होतं..."

"पता है," ती म्हणाली. "सर ने उसी दिन सबको बताया था. बोले, जो दीदी रोज़ बैठती हैं, उन्होंने भी नीली ही कहा."

म्हणजे त्या संध्याकाळी ती हे ऐकून माझ्यामागे बसली होती, आणि माझ्या हातचा रस्सा जेवली होती.

"मंग बोलली काहून नाहीस? सरांना सांगायचं, ही माझी आई आहे म्हणून."

"तब तो और बुरा लगता, मम्मी."

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. "चिडून राहिली का माझ्यावर?"

"नहीं. वो मुझसे अच्छा खेलती है. मुझसे पूछते तो मैं भी उसी का नाम लेती." तिनं बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली. "पर सर बोले, दीदी ने एक सेकंड भी नहीं सोचा."