फाटकावरचं स्टूल

कारंज्याच्या त्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मेहरबीइतका भरभर हात कोणाचाच चालत नसे. कापूस यंत्रात घालायचा, रुई एका अंगाला, सरकी खाली, आणि बाई दिवसभर उभी. हात जरा थांबला की मुकादम जगदेव मागे हजर. मेहरबीच्या मागे मात्र त्याला कधी उभं राहावं लागलं नाही. तिला धाक वेगळाच होता.

तिचा नवरा गफ्फार त्याच जिनात रुई दाबायच्या खोलीत होता. धनज गावाहून दोघं आली तेव्हा माणूस चांगला धडधाकट होता. काही हंगामांतच रुईच्या धुळीनं त्याची छाती पोखरली. खोकला आला की भिंत धरून खाली बसायचा. हकीमसाहेब म्हणाले, "याले धुळीतून काढ, नाई तं पुढचा हंगाम याले दिसत नाई." काढ म्हणायला काय जातं हो? काढून ठेवायचं कुठं? शेत नाही, वाडी नाही, आणि एकटीच्या मजुरीत दोघांचं पोट भरत नव्हतं.

त्याच हंगामात शेठला इनामाची हुक्की आली. दुसऱ्या कुठल्या शेठकडून ऐकली असणार, स्वतःच्या डोक्यातून असलं काही निघावं एवढा तो हुशार नव्हता. सगळ्या बायांना अंगणात उभं करून त्यानं सांगितलं, की संक्रांतीपर्यंत जी बाई सगळ्यांत जास्त कापूस काढील, तिच्या घरच्या एका माणसाला फाटकावर पहाऱ्याचं काम. मोकळी हवा, बसायला स्टूल, हातात काठी. शेठ आपल्या घरात डोकावून आला की काय, असं मेहरबीला वाटलं.

मग ती जी लागली ती लागलीच. भाकर उभ्यानं खाल्ली, पाणी प्यायला जाणंही सोडलं. शेजारच्या यंत्रावर इंझोरीची पंचफुला होती. तिनंच मेहरबीला काम शिकवलं होतं, तापात पेज करून घातली होती. ती एकदा हळूच म्हणाली, "जरा दमानं घाल वं. तुह्या या घाईपायी आमी साऱ्या मरू."

"माह्या घरचा मानूस मरून राह्यला, बाई," मेहरबी म्हणाली. "मी दमानं नाई घालत."

इनाम तिलाच मिळालं. गफ्फार स्टुलावर बसला. हळूहळू त्याला झोप लागायला लागली, आणि एका संध्याकाळी त्यानं आख्खी भाकर खाल्ली. मेहरबी चुलीकडे तोंड करून आनंदानं रडली. तिच्या जन्मात सुख म्हणावं असं तेवढंच.

कारण पुढच्याच आठवडी बाजारानंतर जगदेवनं शेठचा हुकूम सांगितला. "मेहरबी काढते तेवढा कापूस आता साऱ्याईनं काढायचा. एका बाईच्यानं होते, तं तुमच्यानं काहून नाई होत? जिचा कमी पडला तिले दुसऱ्या सकाळी फाटकातून आत घेनं नाई."

आता फाटकावर कोण, हे सांगायला नको. जगदेव सकाळी गफ्फारच्या कानात नाव सांगायचा आणि गफ्फार काठी आडवी धरायचा. पहिली परतली ती पंचफुला. ती गफ्फारला एका शब्दानं बोलली नाही. आत उभ्या असलेल्या मेहरबीकडे बघून म्हणाली, "झालं का वं तुह्या मनासारखं?" मेहरबीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती यंत्राशी जाऊन उभी राहिली, दुसरं करणार काय?

त्या दिवसापासून कोणी बाई तिच्याशी बोलेना. आणि हंगाम सरता सरता तिला खोकला लागला. आधी तिनं तो पदरात दाबला, गफ्फारपासून लपवला. पण हात कसा लपवणार? तो मंदावला. स्वतःच्याच कामावरून ठरलेला कापूस तिला पुरा होईना. एका संध्याकाळी जगदेवनं तिच्या टोपल्यात पाहिलं आणि पुढे गेला.

दुसऱ्या सकाळी दोघं नेहमीसारखी बरोबरच जिनाशी आली. गफ्फारनं काठी घेतली. जगदेव त्याच्या कानाशी वाकला. गफ्फार मेहरबीकडे बघत राहिला. काठी काही आडवी होईना.

"मी हे काम सोडतो," तो म्हणाला. "चाल, धनजले जाऊ."

"तिथं खासान काय?" मेहरबी म्हणाली. "महिन्याभरात पुन्हा याच दारात येसान, आन् हे तुमाले त्याच खोलीत घालतीन. मंग मी कायले केलं हे सारं? कायले तोडल्या त्या बाया?"

मागे बाया खोळंबल्या होत्या, सगळ्या बघत होत्या. मग मेहरबीनंच काठीचं टोक धरलं आणि ती आपल्यासमोर आडवी ओढली.

"आता म्हना," ती म्हणाली. "सगळ्याईले म्हनता तसं."

"परत जा, बाई," गफ्फार म्हणाला.

ती वळली. खोकला अगदी गळ्याशी आला होता. भिंत संपून वळण येईपर्यंत तिनं तो दाबून धरला, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.