सोनेरी चौकटीतली गायिका

माझी यशोधरा चिडत नाही, ही माझी काळजी आहे. इतरांच्या मुली दारं आपटतात आणि त्यांच्या आया माझ्याकडे रडगाणं घेऊन येतात. माझी म्हणते, "चालेल, आई." शाळेत असताना तिचा चित्रकलेचा क्लास मी बंद केला, तेव्हाही चालेल. अंबरनाथच्या कंपनीतली लॅबची नोकरी मीच ठरवली, तेव्हाही चालेल. एवढ्या वर्षांत तिने हट्टाने जपलेली वस्तू एकच, एक जुनी रेकॉर्ड.

ती तिला उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडे सापडली. सत्तरच्या दशकातली, अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय गायिकेची. त्या संगीताला सोल आणि फंक म्हणतात. मला एवढंच कळतं, की ती बाई गायला लागली की मांडणीवरची ताटं थरथरतात आणि भाजी परतताना माझा पाय ठेका धरतो. कोणी बघायच्या आत मी तो आवरते.

जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांत या रेकॉर्डला मोठा मान आहे म्हणे. येत्या रविवारी अंबरनाथ पश्चिमेला असे कार्यक्रम भरवणाऱ्या संध्या मॅडमच्या हॉलमध्ये तसे लोक जमणार होते. यशोधरा ती वाजवून तिच्याविषयी बोलणार होती. चार माणसांसमोर बोलायला ती पहिल्यांदाच तयार झाली होती. मला वाटलं, आपणही लेकीसाठी काहीतरी करावं. मला असं वाटलं की घरच्यांनी सावध व्हावं.

आमच्याकडे ज्याला मान द्यायचा त्याची फ्रेम करतात. बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत, माझे सासरे आहेत, सगळे काचेत. मी रेकॉर्ड काढून उशीच्या अभ्र्यात ठेवली आणि नुसतं कव्हर घेऊन उल्हासनगरच्या फ्रेमवाल्याकडे गेले.

"भाभी, तैयार फ्रेम में नहीं बैठेगा. साइड से थोड़ा उड़ा दूँ?"

"उडा दो," मी म्हणाले. समाजशास्त्रात बीए केलेली बाई.

त्याने कव्हर कापून हार्डबोर्डला चिकटवलं. मागे वादकांची नावं होती, ती गोंदात गेली. गायिकेचे अर्धे केस दुकानातच राहिले. वर लाल बल्ब लावू का, असंही त्याने विचारलं. मी त्यालाही हो म्हणाले.

शेजारच्या बनूबाईंनी भिंतीकडे बघून हात जोडले. "कधी वारल्या?"

"वारल्या कशाला? गायिका आहेत त्या."

"हो का? या बाजूने केस छान आहेत."

यशोधरा कामावरून आली. चपला काढायच्या आधी भिंतीपाशी गेली. मग तिने बल्ब बंद केला.

"कव्हरच तर जपायचं असतं, आई."

"अगं, मला काय माहीत?"

"चालेल. तू मुद्दाम थोडंच केलंस?" असं म्हणून तिने मलाच चहा करून दिला. नंतर गॅलरीतून तिचा हळू आवाज आला, "मॅडम, रविवारच्या यादीतून माझं नाव काढा."

कव्हर गेलं ते गेलं. पण बोलायला निघालेली मुलगी पुन्हा गप्प बसली, आणि तेही मला समजावत.

आज ती रात्रपाळीला आहे. झोप येईना म्हणून संध्या मॅडमना काय सांगायचं ते मी कागदावर उतरवलं. "मी तिची आई. तिचं नाव परत घाला, ती नक्की येईल." मग वाचून पाहिलं. क्लास बंद करतानाही चित्रकलेच्या बाईंशी मी याच थाटात बोलले होते. लेकीला विचारायचं याही वेळी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

संध्या मॅडमना फोन करायचा नाही. करायचा तो यशोधराला, तिच्या चहाच्या सुट्टीत. म्हणणार, तुझी वस्तू मी न विचारता कापून आणली. यावर चालेल म्हणू नकोस, रागाव. रविवारचं तुझं तू ठरव. गेलीस तर मी मागच्या खुर्चीवर येऊन बसू का? नको म्हणालीस तर नाही येणार.

एवढ्या रात्री आईचा फोन म्हणजे कोणीतरी गेलं, असंच तिला वाटणार. तर पहिल्यांदा सांगायचं, सगळे बरे आहेत.