पार्किंगमध्ये बसवलेला सायलेन्सर

गाडीखाली आडवा पडलेला माणूस लोकांच्या लेखी मेलेला असतो. वर उभे राहून ते त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात. त्याला दिसतात फक्त चपला, पण ऐकू सगळं येतं. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडल्यापासून मी गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असाच पडलेला असतो. किस्से शोधायला मला कुठे जावं लागत नाही. ते चपला घालून स्वतःच येतात!

हे सगळे एकाच गाडीचे. माझा दोस्त योग्या दिंडोरीचा, घरची द्राक्षबाग. त्याने सेकंडहँड टू-सीटर स्पोर्ट्स कार घेतली आणि तिच्यासाठी बाहेरच्या कंपनीचा अख्खा एक्झॉस्ट मागवला. पाइप, सायलेन्सर, मागची दोन चकचकीत तोंडं. बसवणार मी, घरीच.

पप्पांनी अट घातली, "रविवारपर्यंत बसवून, एकही लीक नसताना गाडी चालू करून दाखव. नाही जमलं तर सोमवारी कॉलेजचा फॉर्म भरायचा."

"आणि जमलं तर?"

"ते कशाला बोलायचं? जमणार नाहीये."

*

पप्पा पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाईल शिकवतात. माझ्या जन्माच्या आधीपासून. पण माणूस गाडीखाली एकदाही गेलेला नाही. इस्त्री मोडते!

जुन्या सायलेन्सरचे तीन बोल्ट गंजून एकजीव झाले होते. पप्पा खाली आले, हातात स्वतः काढलेली आकृती. "घड्याळाच्या उलट दिशेने फिरव. सुटायलाच पाहिजे."

"पप्पा, तुमच्या आकृतीला गंज चढत नाही!"

ते तडक वर गेले. मी बोल्टांना दोन दिवस तेल पाजलं, गॅसच्या टॉर्चने तापवलं, पान्याला लांब पाइप जोडून जोर लावला. तिन्ही सुटले. आकृती पप्पांच्या टेबलावर परत ठेवली. वारा लागून उडू नये म्हणून वर तिन्ही बोल्ट ठेवले.

*

एक्झॉस्ट गाडीला खालून रबरी कड्यांवर लटकलेला असतो. ती कडी निघेनात. योग्या पहार घालून ओढतोय, मी शिव्या घालतोय. पप्पांचा सल्ला, "यासाठी स्पेशल टूल येतं. ऑनलाइन मागव. आठवड्यात येईल." आठवड्यात! म्हणजे फॉर्म भरून झाल्यावर!

आई चहा घेऊन आली. दोन मिनिटं बघत राहिली. मग वर जाऊन भांड्यांचा लिक्विड साबण घेऊन आली आणि कड्यांवर ओतला.

"बांगड्या भरताना काय करतात रे? हात कापतात का?"

पहिल्या धक्क्याला कडी सुटली. तिथे दोन इंजिनिअरिंगवाले उभे होते. एक शिकवणारा, एक सोडलेला. साबण एकालाही सुचला नव्हता.

*

शनिवारी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनकाकांचा मेसेज. काका म्हणजे रिटायर्ड हेडक्लार्क, दुपारची झोप हा त्यांचा मूलभूत हक्क. "बी विंगच्या पार्किंगमध्ये बसवलेल्या नव्या सायलेन्सरच्या आवाजाने भिंती हादरत आहेत. ही संस्कृती नव्हे."

मी फोटो टाकला. सायलेन्सर खोक्यात, खोक्याला सील.

"मग हा आवाज कसला येतोय?" काकांनी विचारलं.

उत्तर काकूंनी दिलं, त्याच ग्रुपवर. "आपलं वॉशिंग मशीन आहे. चार महिने सांगतेय, दुरुस्त करून आणा!"

*

रविवार. सगळं बसलं. लीक बघायला योग्याने बागेतला पाठीवरचा फवारणी पंप आणला होता, आत साबणाचं पाणी. मी गाडी चालू केली. ती दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागली. योग्याने जॉइंटवर फवारा मारला. बुडबुडे! दुसऱ्यावर मारला. बुडबुडे! तिसऱ्यावर तर फेसच!

पप्पांनी शांतपणे मोबाईल काढला. "फॉर्म डाउनलोड करून ठेवतो."

तेवढ्यात योग्या म्हणाला, "आरं, पेपर काढला का तू?"

"कसला पेपर?"

"मागच्या तोंडांत कोंबलाय ना मी, पार कोपरापर्यंत. घडाला ऊन लागू नाय म्हणून लावतो ना आपण, तसा. धूळ जायला नको म्हटलं. लय भारी माल हाय तो."

धूर बाहेर पडणार कुठून? बिचारा सांध्यासांध्यांतून वाट काढत होता! मी अख्खं वर्तमानपत्र ओढून काढलं, पुरवणीसकट. गाडी पुन्हा चालू केली. भरदार, खोल आवाज. तिन्ही जॉइंटवर पुन्हा फवारा. एकही बुडबुडा नाही.

पप्पा वाकून बघत राहिले. मोबाईल खिशात ठेवला. म्हणाले, "ठीक आहे."

त्यांच्या तोंडी 'ठीक आहे' म्हणजे डिस्टिंक्शन!

*

नवा एक्झॉस्ट काही दिवस तापून थंड झाला की बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी पुढच्या शनिवारी योग्याने गाडी आणली. मी खाली पडलेलो. अचानक चपलाच चपला. दहा-बारा जोड, आणि मधे पप्पांचे पॉलिशवाले बूट.

"वह्या काढा," पप्पांचा आवाज. "खाली वाका. वाका म्हटलं ना! कपड्यांचं काय होत नाही."

एका पोराने विचारलं, "सर, गंजलेला बोल्ट न तोडता कसा काढायचा?"

पॉलिशवाले बूट दोन पावलं मागे सरकले.

"मला काय विचारतोस?" पप्पा म्हणाले. "खाली सर आहेत ना, त्यांना विचार."

मी गाडीखालून हात बाहेर काढला. "चौदाचा पाना द्या."

पप्पांनी बाराचा दिला.